त्र्याण्णवनंतर

मिल्टन कीन्स. नोव्हेंबर. पावणेपाच,
म्हणजे रात्रच.
लाल डांबरी वाटेच्या कडेला एक डिलिव्हरी रोबो
ओल्या पानांत चाक रुतून बसलेला,
पोटात कुणाचं तरी दूध आणि पाव.
'जरा मदत करता का?' म्हणाला.
इंग्रजीत, अर्थात,
आणि माझ्यापेक्षा सफाईदार.

मी भूल देते. एकवीस वर्षं तेच करते.
आज सकाळी डोरीन हॅपगुडबाई
शंभरापासून उलटं मोजत
त्र्याण्णवला थांबल्या.
ब्याण्णव कुठे गेला
ते मला अजून सांगता येत नाही.
डोस सांगता येतो, वजनाच्या हिशेबाने.
शुद्धीवर आल्या, आधी कवळी मागितली,
मग म्हणाल्या, 'कधी सुरू करणार?'

याला मोजायला सांगितलं तर
हा शून्याच्याही खाली जाईल,
न अडखळता.
तिथेच मला शंका येते.
पण डोरीनबाईंना तरी मी काय विचारलं होतं?
वजन, ॲलर्जी,
आणि शेवटचं कधी खाल्लं.
आत कोण आहे हे विचारायचा रकाना
फॉर्मवर नाही.

याच्या पोटात तर दूध आहे,
आज भूल देताच येणार नाही.

वाकले. पर्स घसरली. ढकलला.
'थँक यू' म्हणाला
आणि दिवा मिचकावत उताराला लागला.

'असू दे रे,' मी म्हणाले,
मराठीत, का कोण जाणे.
कुत्रा फिरवणाऱ्या माणसाने ऐकलं नाही.
कुत्र्याने कान टवकारले.