खिशासकट

दाराच्या कडीला पिशवी अडकवून
देवाराम बेल वाजवायचा, आणि मी येईपर्यंत
दोन जिने उतरून गेलेला असायचा.
बरं होतं ते.
कणकेच्या हातानं पिशवी आत घ्यायची, दार लावायचं.
कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही.

मग दुकानातून फोन आला,
सोमवारपासून पिशवी नाही मिळणार, मॅडम.
माल क्रेटमध्ये येईल, तुमचं तुम्ही काढून घ्या.
मी म्हटलं, बरं.
एवढीशी गोष्ट, त्यात काय.

सोमवारी निळ्या क्रेटमध्ये सगळं उघडं.
तूरडाळ, खोबरेल, केरसुणी,
दोन किलो साखर, घरात दोघांना डायबेटिस असून,
आणि सगळ्यात वर
अण्णांच्या डायपरचं पाकीट.
त्यावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं.
आधी ते काळ्या पिशवीत यायचं,
दुकानदार न सांगता गाठ मारून द्यायचा.

बिबवेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.
पहिल्या मजल्यावर दार सताड उघडं टाकून
मेथी निवडणाऱ्या सुपनेकर बाई,
दुसऱ्यावर क्लासची सात पोरं, चपला शोधत.
त्या सगळ्यांसमोरून ते जोडपं
हसत हसत तिसऱ्या मजल्यावर आलं.

घाईनं पाकीट उचलायला गेले
तर बटाटे जिन्यावरून निघाले.
देवाराम बटाट्यांमागे, मी देवारामच्या मागे.
सुपनेकर बाईंनी दोन पायानं अडवले,
तिसरा माझ्या हातात ठेवत म्हणाल्या,
लार्ज मागवा हो, मिडियम रात्री गळतं.
आमच्या ह्यांचं चार वर्षं केलंय मी.

अकरा वर्षं राहतो आम्ही खाली-वर.

त्या रात्री कपाट उघडलं.
अण्णांच्या पँटी, सात.
ग्रे, ग्रे, चॉकलेटी, परत ग्रे.
दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात जायचे तेव्हाच्या.
क्रीज अजून अशी, की बोट कापेल.
आता लुंगीच तेवढी लागते.
नवऱ्याला विचारलं,
तो टीव्हीकडे बघत म्हणाला, काप.
अण्णांना विचारलं नाही. कुणीच.

एका पँटीच्या तीन पिशव्या होतात.
पायांच्या दोन, उंच, तेलाच्या बाटल्यांना.
आणि कमरेची एक, ऐसपैस,
लुप्यांतून नाडी ओवलेली,
खिशासकट.

देवाराम हसला तेव्हा पहिल्यांदा दिसलं,
पुढचा एक दात नाही त्याला.
पँटीत कांदा, काकी!
जालोरकडचा आहे, त्याच्या मराठीत
पाच किलो असला तरी कांदा एकच असतो.

आता तो पायरीवर क्रेट टेकवतो,
मी पिशवीचं तोंड धरते, तो ओततो.
तेवढ्यात त्याच्या बहिणीचा दहावीचा निकाल,
माझा गुडघा, दुकानातल्या नव्या पोराच्या चुका.
कधी दूध उतू जातं.
कधी तो घाईत असतो, कधी मी, आणि दोघंही वैतागतो.
एकदा सगळ्या पिशव्या दोरीवर ओल्या,
साखर पातेल्यात घेतली, पोहे ताटात,
आणि केरसुणी बगलेत मारून
पायानं दार लोटलं.

बिल तो उजव्या खिशात सरकवतो.
हे मी नव्हतं सांगितलेलं.

परवा कमरेची पिशवी राहिली खुर्चीवर,
अण्णांच्या कॉटशेजारी.
मी स्वयंपाकघरातून बघत होते.
कापडावर हात फिरवला त्यांनी,
माझ्या वाकड्या शिवणीपाशी थांबवला,
मग सवयीनं खिशात घातला.
पास असेल, किल्ली असेल, तपकिरीची डबी,
काय शोधत होते कोण जाणे.

बिल निघालं.
चष्मा नव्हता, लांब धरून वाचलं.
शेंगदाणे एकशे साठ? म्हणाले,
मला नाही, खोलीला.
मग त्याच्या चार घड्या घातल्या,
परत खिशात ठेवलं
आणि वरून थोपटलं.