शब्दयादी

दार लागलं की खोलीत लातूर उरत नाही,
ना बार्शी रोडचे हॉर्न, ना ओपीडीतला गलका.
काचेपलीकडे लिंबराज,
कानांवर लाल-निळे डबे, मांडीवर टोपी.
अलीकडे मी, पंचवीस शब्द
आणि ओठांपुढे धरायला एक पुठ्ठा.

जे ऐकू येईल तेच म्हणा, मी सांगते.
नुसता अंदाज आला तरी म्हणा.

शेत.
पेठ, म्हणाला.
सण.
मण.
साखर.
जरा थांबून, भाकर.

स, श, फ, ख, ही बारीक अक्षरं आधी गळतात.
आ, ओ, ऊ मागं राहतात
चाळणीवर राहावेत तसे, जाड.

नळ, म्हणाले
तर खुर्चीतून अर्धा उठला : आला?
आमच्याकडे आठव्या दिवशी येतो.
ऐकलेला शब्द तसाच परत म्हणावा, असा नियम आहे.
मी बरोबरची खूण केली. साहेबांना सांगू नका.

यादी कुणी समुद्राकाठच्या माणसानं केली असावी.
होडी. नारळ. शिंपला.
शिंपला त्यानं पुन्हा विचारला,
पुन्हा सांगायची सोय नाही.

सव्वीस वर्षं डाळमिल, म्हणाला, पॉलिशरच्या बाजूला.
तिथं कान कशाला लागतेत, ताई,
तिथं समदे तोंडाकडं बघून बोलतेत.
तेवढा पुठ्ठा काढा की.

काढला.
तीच यादी, नोंद न करता, पहिल्यापासून.
पंचवीसपैकी तेवीस. होडीसुद्धा.
शिंपला काही जमला नाही.
कागदावर मात्र अठ्ठेचाळीस टक्के,
कारण कागदाला पुठ्ठा लागतो.

बाहेर बाकावर गयाबाई, त्याची बायको.
तीही त्याच मिलमध्ये, निवडायला होती.
दार उघडलं, गलका आत आला,
आणि त्यानं उंबऱ्यातूनच तोंड हलवलं, आवाज न काढता.
तिनं हलवलं.
मग पदर तोंडाला लावून हसली
तर हातानंच दटावलं त्यानं, पदर खाली घे.
ती आणखी काही बोलली, बरंच लांबलचक.
तो मान हलवत राहिला.

मी दोघांच्या मधे, हातात पुठ्ठा.
माझे कान मागच्याच महिन्यात तपासलेत, शंभर टक्के.
एक शब्द कळला नाही.