उशिराची पेटी

पेटी शिकते आहे, म्हटलं,
तर बाबांना वाटलं हार्मोनियम.
"भाते दुरुस्त करणारा आता कोण उरलाय?" म्हणाले,
आणि उत्तराची वाट न बघता
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

माझ्या पेट्यांना भाते नाहीत.
पडद्यावर चौकोन, चौकोनात एक शब्द,
वरच्या कडेला कान, खालच्या कडेला तोंड,
आणि एकीच्या तोंडातून दुसरीच्या कानात
माऊसने ओढलेली तार.
मंगळवारी, शुक्रवारी, बँक सुटल्यावर, फोंड्याला,
शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
एव्हारिस्टो सर शिकवतात. आम्ही चौघं.
पहिल्या दिवशी अडीच तास खपून
मी एक शिट्टी वाजवली,
सपाट, न थांबणारी.
शेवटी शिंपीच वर आला.

सर सांगतात, डावा कान तापट.
त्यात काही पडलं की पेटी लगेच बोलते.
उजव्या कानात पडलेलं ती नुसतं ठेवून घेते,
डावीकडून हाक येईपर्यंत.
मी वहीत लिहिलं : उजवा कान, आई.
मग खोडलं. सर वह्या बघतात.

बाबांनी एकतीस वर्षं तारा ओढल्या, वीज खात्यात.
सावई, केरी, बेतकी, खाली वळवईच्या धक्क्यापर्यंत.
कुळागरात पोफळ आडवी झाली
की आधी त्यांना उठवायचे, मग मालकाला.
त्यांना पडदा दाखवला.
चष्मा कपाळावर, नाक काचेला लावून
खूप वेळ बघत राहिले.
"ही जाड का? ही बारीक का?"
जाडीतून आवाज जातो, म्हटलं, बारकीतून निरोप.
मान हलली. हे त्यांना पटलं.
"आणि जोडताना सप्लाय कुठून तोडतेस?"
तोडत नाही, बाबा. चालू लाईनवरच जोडतात इथे.
त्यांनी हात टेबलावरून मागे घेतला.
शाबी आठवला असणार.
शाबीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी एका पेटीचं तोंड
तिच्याच कानाला जोडलं.
प्रतिध्वनी हवा होता. सगळं गप्प झालं,
लाल अक्षरात तक्रार आली.
सर हसले. "असं कसं चालेल?
आधी बोलायचं की आधी ऐकायचं, तिला कळत नाही.
वर्तुळ पुरं करायचं तर मध्ये
उशिराची पेटी बसव. थोडा चालेल,
पण उशीर हवाच."

मग चतुर्थीची आरती आणली, मोबाईलवर घेतलेली.
घुमट, शामेळ, कांसाळें, आणि सगळ्यांच्या तळाशी
एक घरघर. ती गाळायची, हा गृहपाठ.
रविवारी दुपारी मी गाळणीचे आकडे
वरखाली करत बसले होते.
बाबा आले, यंत्र खिशातच,
आणि तळहात स्पीकरवर ठेवला,
जसा तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात.
"पन्नास," म्हणाले.
पन्नासच होते. मी आकडा लिहिला,
घरघर गेली, हात तिथेच राहिला.
"आता घुमट तेवढं आहे."
कोण वाजवतंय, ओळखलंत?
मोठ्याने विचारलं, दोनदा.
ते उठून पाटाचं पाणी फिरवायला गेले.

रात्री जेवताना लाईट गेली.
आई मेणबत्ती शोधत होती,
फ्रीज गप्प, पंखा थांबत थांबत थांबला,
आणि अंधारातून, भाताचा घास अर्धा ठेवून,
"शाबीलो धाकटो. हात बापायलो."

आईच्या हातातली काडी तिच्या बोटांपर्यंत जळली.
मी काही विचारलं नाही.
त्यांनी घास पुरा केला, मग सांगितलं,
फॉल्ट केरीच्या वळणावर असणार, वीस मिनिटं लागतील.
बावीस लागली.