हातचा एक

सेलूच्या वळणावर मोटारसायकल घसरली
त्याला नऊ उन्हाळे झाले.
उजवा हात सोबत असतो,
कामाला नसतो.

डॉक्टर म्हणाले, नसा मुळातून उपटल्यात.
आमच्याकडं पऱ्हाट्या उपटतात, तशा.

रात्री न हलणारी बोटं
चुलीत घातल्यागत जळतात.
कौसल्या उठते, म्हणते, कुठं ते दाखवा.
हात धुंडाळतो. जागा हातात नसतेच.

फळ्यावर डाव्याची अक्षरं
अजून बैलमुतासारखी.
काल तिसरीला बेरीज:
आठ नि पाच तेरा,
तीन लिहा, हातचा एक.
मागून मुंजाजीनं विचारलं,
गुरुजी, कोणत्या हातचा?

वर्ग गप्प.
खिशातून उचलून
मी तो टेबलावर ठेवला.
ह्या.
विसरलास तर बेरीज चुकते.

खडूची भुकटी त्याच्यावर पडत राहिली.
त्याला कळलं नाही.