जाम

अठरा वर्षं कडब्याखाली होता झेटर.
होटगी रोडच्या शेडात आणला,
गिअर तिसऱ्यात सापडला;
इरण्णानं काही न विचारता न्यूट्रलला घेतला.

एक पिस्टन जाम. घण मागितला नाही त्यानं.
हेड उतरवलं, बोअरमध्ये रॉकेल-डिझेल निम्मं निम्मं ओतलं,
वर फडकं टाकलं, विरजणावर टाकावं तसं,
आणि जेवायला गेला.

किती दिवस लागतील?
"मला काय विचारता, त्याला विचारा."

रोज सकाळी फ्लायव्हीलला टॉमी लावायचा,
दाबून बघायचा, थोडंच.
नाही म्हणालं की टॉमी खाली.

मधल्या दिवसांत पंपाचा बुश.
बंद गिरणीतल्या मागाचं गनमेटल
दस्तगीरनं भंगारातून आणलं, लेथवर धरलं.
पुसताना ग्रीसमधून
चादरीचा लाल धागा निघाला.
त्यानं तो खिशात ठेवला, का कोण जाणे.

अकराव्या दिवशी
आत काहीतरी कुरकुरलं.
हललं, करंगळीच्या नखाएवढं.
मी ओरडलो.

इरण्णानं काळं बोट ओठावर ठेवलं,
टॉमी उलटी लावली
आणि आलं होतं तेवढं
मागं नेलं.

"पुढचं ऱ्हाऊ दे," म्हणाला,
"आधी परत जाता येतंय का बघू."