पाण्यात पाहणे

बाटल्या फिरतायत.
काल दुपारी दोनला लावल्या, आज दोनला थांबतील.
शंभर ग्रॅम राख, एक लिटर पाणी,
उलट, सुलट, उलट,
न झोपणारं मूल मांडीवर हलवावं
तसं यंत्र रात्रभर.

उर्सिना कामेनिश खिडकीशी.
खाली र्‍हाइन, अजून अरुंद, अजून डोंगराचीच,
दगडांचा दुधाळ रंग अंगावर घेऊन निघालेली.
समुद्रापर्यंत किती गावं आपल्याला पिणार
हे नदीला ठाऊक नाही.
उर्सिनाला आहे.

बाटलीत काय नाही?
कुणाचे स्कीचे बूट, चीजची वेष्टनं,
बाहुलीचा रंगवलेला गाल,
घटस्फोटानंतर फेकलेला सोफा.
जळताना सगळ्यांचा धूर एक झाला
आणि जाळीत अडकलं पिठासारखं करडं काही.
आगीला वाटलं, संपवलं आपण.
जड धातू म्हणतात त्यांना,
पण धुरावर स्वार व्हायला किती हलके!
खाली उतरून ते पाण्याची वाट पाहतात.

म्हणून आधीच धुवायचं.
धूर धुताना जे आंबट पाणी उरलं, त्याच पाण्यानं.
चोराच्या वाटा चोराला ठाऊक.
जस्त निघतं, कॅडमियम निघतं,
पिंपात भरून दूरच्या भट्टीकडे जस्त जातं,
होईल कुणाच्या छपराची पन्हळ.
शिसं मात्र चिवट,
दाराशी येऊन पुन्हा आत बसणाऱ्या पाहुण्यासारखं.

ती सात वर्षांची होती. वर्षाची शेवटची रात्र.
गिऑनकाकानं चमच्यात शिसं वितळवलं,
मेणबत्तीवर,
आणि थंड पाण्याच्या वाडग्यात ओतलं.
चर्र.
वर आला एक वेडावाकडा गोळा.
सगळे वाकले: जहाज! छे, पंख.
नाही रे, हे लग्न आहे.
ठरलं जहाज. उर्सिना दूर जाणार.
(चाळीस किलोमीटर गेली. इथवर.)
वाडग्यातलं पाणी काकूनं बेसिनमध्ये ओतलं
आणि केक कापायला घेतला.

माझ्या भाषेत एखाद्याला पाण्यात पाहणं
म्हणजे त्याच्याशी उभा दावा.
उर्सिनाला मराठी येत नाही,
तरी एकोणीस वर्षं ती शिशाला
पाण्यात पाहते.

दोन वाजले. यंत्र थांबलं तशी
खोलीतली शांतता एकदम मोठी झाली.
गाळलं. आम्लाचा थेंब. आकडा.

पहिल्या बाटलीत शिसं आहे.
फार नाही. मर्यादेच्या जरासं वर,
सही करणाऱ्याला डोळ्याआड करता येईल इतकंच.
फोनवर लुत्सी कुरकुरतो,
ट्रक दारात उभा आहे, ड्रायव्हर जेवूनसुद्धा आला.
ती म्हणते, परत धुवा.
तो म्हणतो, उर्सिना.
ती म्हणते, परत.

मग ती नवी बाटली घेते, रिकामी, उजेडाकडे धरते.
पाणी ओतते.
हल्ली तिला एवढंच भविष्य हवं असतं:
चोवीस तास ढवळूनही
ज्यात काहीच दिसलं नाही.