इथवर

बाहेरच्या खोलीत, मीटरच्या पेटीवर एक वीत,
निळ्या ऑइलपेंटची रेघ आहे.
शेजारी आण्णांच्या तोलाईच्या अक्षरात : ९ ऑगस्ट १९.
एकवीसची रेघ खाली, पेन्सिलीची,
तेव्हा रंगाचा डबा उघडायचा कंटाळा आला होता.

गावभागात घर म्हणजे पाहुणे आधी रेघेकडे बघतात,
मग फ्रिजवरच्या हत्तीकडे, चहाच्या मळ्याकडे, कागदी कंदिलाकडे,
आणि विचारतात, काय काय बघितलं मग?

मला नीट सांगता येत नाही.

कँडीच्या बाजारात आण्णांनी हळकुंड उचललं,
कानाशी नेऊन मोडलं.
कट् झालं नाही.
"ओल हाय," म्हणाले, मराठीत.
दुकानदार सिंहलीत तापला.
तर यांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला
आणि आतून त्याची बोटं दाबली,
यार्डात आता कुणी खेळत नाही तो जुना हत्ता.
माणूस घाबरला. मग हसला. मग त्यानंही दाबली.
काय भाव ठरला ते दोघांनाही कळलं नाही.
पाव किलो घेतली. ओलीच.

बँकॉकचं मला फक्त एक कुत्रं आठवतं,
विमानतळावर आईच्या भडंगाच्या पिशवीपाशी
बसलं ते उठेचना.
सगळं उघडायला लावलं. लसूण नसलेलं भडंग,
आमच्यात लसूण चालत नाही,
हे आई त्या वर्दीतल्या पोरीला शांतपणे सांगत होती,
जणू प्रश्न तेवढाच होता.

होई आनला जेवण साडेसातला.
आई पाचलाच हॉटेलच्या मागच्या पायरीवर बसली,
कडक भाकरी, शेंगाची चटणी.
"अहो, सूर्य त्यांचा असला म्हणून काय,
मावळला की मावळला."
स्वयंपाकीण बाहेर आली, बघत राहिली,
शेजारी बसली, भाकरीचा तुकडा मोडून घेतला.
आवाज केवढा झाला!

आणि दुसऱ्या दिवशी ते घर.
काळं लाकूड, उदबत्ती, नदीकडं तोंड.
गाईड छताचं कोरीवकाम दाखवत होता,
सन्मती फोटो काढत होता,
आण्णा भिंतीशी उभे.
भिंतीवर रेघा. एकावर एक. प्रत्येकीला साल.

घरची म्हातारी खुर्चीत होती.
आण्णांनी तिच्याकडं बघून हात वर केला :
"आमच्याकडं इथवर."
तिनं बसल्या बसल्या हात उचलला, आणखी वर.
हे टाचा उंचावून.
ती हसली. हेही.
मग दोघंही हसायचे थांबले.

आमची सतरा पोती होती या खोलीत.
पाणी उतरल्यावर गल्लीभर पिवळा चिखल,
कुत्री पिवळी, सायकली पिवळ्या,
लग्नघर असावं तसं.
आण्णा त्यावर कधी काही बोलले नव्हते.
तिथं त्या बाईशी बोलले, दहा मिनिटं, सांगलीच्या भाषेत,
पोत्यांचा आकडा बोटांवर मोजून.
ती मान हलवत होती
आणि मध्येच तिनं वर बोट केलं.

छताला चौकोनी भोक. जाळीचं झाकण. दोर.
पाणी चढलं की सामान वर ओढायचं.

आण्णांनी ते खालून बघितलं, बाजूनं बघितलं,
पावलांनी मोजलं.
गाईड म्हणाला, चला, पूल बघायचाय.
ते म्हणाले, पूल आमच्याकडं हाय.

मे महिन्यात दस्तगीर मिस्त्री आला.
सन्मती म्हणाला, स्लॅब आहे आण्णा, लाकूड नाही.
आई तीन दिवस बोलली नाही, चौथ्या दिवशी खूप बोलली.
सिमेंटची धूळ अजून कपाटातल्या साड्यांत सापडते.
अडीच बाय अडीच. लोखंडी चौकट, एक कप्पी.
झाकण उघडलं की दुपारी बाराला
उन्हाचा एक चौकोन खाली उतरतो,
भिंतीकडं सरकतो, रेघेपर्यंत पोचत नाही.

जुलैत फोनवर आयर्विन पुलाचे आकडे सुरू होतात.
तीस फूट. तेहतीस.
आण्णा उठून दोराला तेल लावतात.
रेवा वरून बाहुली सोडते, ओढते, सोडते.

पाहुणे मान वर करून विचारतात, हे हो काय?

आई चहा ठेवता ठेवता सांगते,
व्हिएतनाम.